लहान एन

साडेनऊ हजार टपालपेट्या एकाच डिरेक्टरीत,
आणि मे महिना.
लष्करातल्या आमच्या कॉलेजचा सर्व्हर
जुन्या फिजिक्स लॅबमध्ये, वाळ्याच्या कूलरसमोर,
एकेक नाव शोधताना धापा टाकायचा.
यादी मागितली की पडदा काळा;
तेवढ्यात माझा चहा पिऊन व्हायचा, कप विसळूनही.

सिकरवार म्हणाला, मॅडम, पहले अक्षर से बाँट दो ना.
वाटलं.
एसच्या खोलीत संजय, सुनील, संतोष, सुनीता,
सव्वीस शैलेंद्र, त्यातले नऊ भदौरिया,
जत्रा नुसती.
क्यूच्या खोलीत एकट्या कमर मॅडम, उर्दूच्या,
पाय पसरून.
एक्सला तर भाडेकरूच मिळेना.

मग हॅश.
नाव गिरणीत घालायचं, पीठ आलं की
त्यातली पहिली दोन चिन्हं चिमटीत धरायची:
सोळा दारं, दर दाराआड सोळा खोल्या,
खोलीत सदतीस माणसं, एखाद-दोन इकडेतिकडे.
जिन्सी नाला नंबर एक, नंबर दोन, नंबर तीन
असतात ना आपल्याकडे, तसंच;
फक्त इथे कोण कुठे राहणार
हे हुद्दा ठरवत नाही, जात नाही, मामाची ओळख नाही.
प्राचार्यांच्या भिंतीला भिंत लागून
रात्रपाळीचा चौकीदार मुन्नालाल.
एकमेकांवर दावे लावलेले दोघे पुराणिक बंधू
एकाच खोलीत. मी नाही हो टाकले,
गणितानं टाकले.
वारलेले कानिटकर सर सापडले बी-सातमध्ये,
पुस्तकांच्या दुकानाची जाहिरात अजून येते त्यांना,
शेजारी पहिल्या वर्षाची मुलगी, अठराची.

रात्री दीडला सुरू केलं, वीज दोनदा गेली,
किल्ल्यामागे उजाडलं तेव्हा
यादी एका श्वासात आली.
मी लगेच पुन्हा मागितली, उगाच, चैन म्हणून.

ऑगस्टात निळकंठ टोकेकर आले,
हिशेब खात्यातून निवृत्त, दानाओलीहून चालत.
म्हणाले, माझी पत्रं येत नाहीत.
मी बघितलं. पेटी जागेवर, चार-एफ,
आत पेन्शनची एक सूचना, बाकी स्वच्छ.
म्हटलं, काका, पेटी ठीक आहे,
कुणी लिहिलंच नसेल.
ते म्हणाले, हो, असेल. ताईचं वय झालं आता.
आणि काखेतली छत्री दुसऱ्या काखेत घेऊन गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं काही नाही.
छान लागली.
गुरुवारी जागा मोजताना दिसलं,
डी-नऊमध्ये एक जण जास्त.
निळकंठच. मोठ्या एनचा.

साताऱ्याच्या सायबर कॅफेतला कुणी पोरगा
म्हातारीचा मजकूर टाइप करून देताना
शाळेत शिकवल्याप्रमाणे
नावाचं पहिलं अक्षर मोठं काढत होता, आदरानं.
गिरणीला आदर कळत नाही:
एन मोठा, की पीठ वेगळं,
दार वेगळं, खोली वेगळी,
आणि माझ्याच स्क्रिप्टनं बिनतक्रार
नवी पेटी बांधून दिलेली.

अकरा पत्रं.
मी कुणाची पत्रं वाचत नाही,
वजन आणि तारीख, एवढंच बघते.
चार केबी, चार केबी, तीन,
मग दोन, दोन,
शेवटचं एकाच्याही आत.
एका केबीत बहुतेक सगळा रस्ताच असतो,
कुठून निघालं, कुठल्या नाक्यावर थांबलं.
मजकुराला उरत असेल ओळभर.

मीही एक ओळ लिहिली: आधी नाव लहान कर, मग दळ.
पेट्या एक केल्या.
दानाओलीत फोन लावला. सून म्हणाली,
बाबा कालच साताऱ्याला गेले.
का, ते मी विचारलं नाही.

चार-एफमध्ये अकरा ओळी अजून ठळक आहेत.
बाराव्या ओळीत मी, सगळ्यांना एकदम पाठवलेली:
सर्व्हर आता जलद झाला आहे,
गैरसोयीबद्दल क्षमस्व.